काठी कुठल्या हातात

गणपा, तुझी दोन्ही चित्रं आता माझ्याकडे आहेत. एक पुरं झालेलं, एक अर्धं राहिलेलं. तुझा दहावा झाल्यावर वहिनींनी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली आणि वर तुझा आरसाही दिला. "ह्यो घरात ठिवून मी काय करू? त्यात मला माझं तोंड कधी बघू दिलं न्हाय त्यांनी," म्हणाल्या. निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळं मांडीवर आडवं धरून आणलं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय वो?" मी म्हणालो, आरसा. चित्राचं सांगत बसलो असतो तर संकेश्वर आलं असतं आणि तरी त्याला कळलं नसतं.

शहापुरातल्या घरी, मधल्या खोलीत, दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. समोरच्या घरात हातमाग चालू आहे. यातलं कोणतं अशोककडे इंग्लंडला पाठवायचं, ते मला ठरवायचं आहे. तुझ्या भाच्यानं लिहिलंय, मामा गेला तरी चित्र पाठवा, मामाच्या नावानिशी छापतो. जन्मभर तू चित्रं काढलीस, ती खेड्यापाड्यांत खिशाखिशात गेली, आणि एकावरही तुझं नाव नव्हतं. नाव येणार ते हे पहिलंच. म्हणून ठरवताना जीव अडकतो. पुरं आहे ते उलटं आहे. सुलटं आहे ते पुरं नाही. आणि ते पुरं नाही याला थोडाफार मी कारण आहे. किती, ते मला मोजता येत नाही, आणि मोजता न येणाऱ्या गोष्टीशी कसं वागायचं हे मला कधीच कळलेलं नाही. तू हे माझ्या तोंडावर कितीदा तरी बोललास.

विड्यांच्या बंडलावरचा कागद तो केवढा, दोन-तीन बोटं रुंद. त्यावर तू वाघ काढलास, मोर काढलास, कंदील, कुलूप, नांगरलेलं शेत काढलंस. तुझा नियम एकच: ज्याला वाचता येत नाही त्यानं दुकानाच्या पायरीवरून ओळखलं पाहिजे. छापखान्यात तेव्हा दगडावरची छपाई. दगडावर काढाल त्याच्या उलटं कागदावर उमटतं, म्हणून तू सगळं आधीच उलटं काढायचास. मोराचं तोंड उजवीकडं हवं तर तू डावीकडं काढणार. अक्षरंसुद्धा तशीच. 'निपाणी' हे नाव तू उलटं जेवढ्या झपाट्यानं लिहायचास तेवढं मला सुलटं लिहिता येत नव्हतं. झालं की दगडासमोर आरसा धरायचास. आरशातलं बरोबर, तर दगडावरचं बरोबर. पुढं पुढं तुझ्या हाताला उलटं हेच सुलटं वाटायला लागलं. पोस्टात सही करताना तू क्षणभर थांबायचास, आणि खिडकीतला माणूस विचारायचा, "अंगठा करताय काय?"

मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत होतो. सत्तर सालच्या पुढंमागं तुला दुकानांच्या मोठ्या पाट्यांचंही काम यायला लागलं, आणि रविवारी मी तुझ्याकडं चौकोन आखायला यायला लागलो. लहान चित्रावर बारीक चौकोन, पाटीवर तेवढेच पण मोठे, आणि एकेक चौकोन इकडचा उचलून तिकडं मांडायचा. रेघ मारायला घेतली की माझी पेन्सिल आपोआप डाव्या हातात जायची. तेवढ्यापुरता तू मला डावऱ्या म्हणायचास. मी म्हणायचो, "मी उजवाच आहे. ही नुसती रेघ आहे."

तुला माहीत होतं ते. पहिलीत आपण एका बाकावर होतो. गुरुजी मला डावा हात मांडीखाली घेऊन बसायला लावायचे. हाताला मुंग्या यायच्या, पण काढायची सोय नव्हती. वर्षभरात मी उजव्या हातानं लिहायला शिकलो आणि अक्षरही चांगलं आलं. त्या अक्षरावर नोकरी मिळाली. पण वर्गातली पोरं 'डावरा, डावरा' करत मागं लागायची ते कानातून गेलं नाही. तो शब्द मला आजही लागतो. तुझ्याकडून कमी लागायचा, एवढंच.

मग मी नोकरी बदलून बेळगावला आलो, रविवारी मात्र तुझ्याकडं येत राहिलो, आणि तुझ्या छापखान्यात ऑफसेट आलं. आता फोटो काढून प्लेट करणार. चित्र सुलटं द्यायचं. तू दिलंस. पण तुझ्या वाघाच्या डोळ्यात जी भूक असायची ती त्या सुलट्या वाघात नव्हती. वाघ पाटावर जेवायला बसल्यासारखा दिसायचा. हे मी बोललो नाही, तूच बोललास. हळूहळू छापखान्यातून बोलावणं येईनासं झालं. वहिनी विड्या वळत होत्या म्हणून चूल अडली नाही. तू मात्र आरसा पुसून पुन्हा खिळ्याला लावत बसायचास.

अशा दिवसांत अशोकचं पत्र आलं. ते तू दोनदा वाचलंस आणि माझ्या हातात दिलंस. "बघ काय म्हणतोय. मला वाटतंय पोरगं बिघडलं."

पोरगं बिघडलं नव्हतं. कारखान्यातली नोकरी सांभाळून तो तिथल्या मित्रांबरोबर एक खेळ खेळायचा आणि आता ते स्वतःच एक खेळ तयार करून छापणार होते. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात: कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, कोणी चोर. प्रत्येकानं आपापल्या माणसाच्या तोंडून बोलायचं. दार उघडलं का, जनावर जागं झालं का, हे फाशावर ठरतं. या खेळाच्या पुस्तकाच्या वरच्या पानासाठी त्याला चित्र हवं होतं: एक अवाढव्य पंखवालं जनावर आणि त्याच्यासमोर पाच जणांची टोळी. 'मामा, इथले चित्रकार सगळे एकसारखी जनावरं काढतात. तुम्ही कधी न पाहिलेलं काढा.'

"कधी न बघितलेलं काढायचं म्हणजे काय बघून काढायचं?" तू म्हणालास.

तू मात्र असा, की गोष्ट हाताखालून गेल्याशिवाय चित्राला बसायचा नाहीस. म्हणून आपण तो खेळ खेळून बघितला. अशोकनं लिहिलेला वीस बाजूंचा फासा कुठला मिळणार. आपण कवड्या घेतल्या. वहिनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, त्यांनाही ओढलंस. गोष्ट सांगणारा तू.

"तवंदीच्या घाटात एक भुयार हाय. आत जनावर हाय. तुम्ही तोंडाशी उभं हायसा. बोला, काय करताय?"

"भुयार किती लांब?" मी विचारलं.

"ते आत गेल्यावर कळंल."

"आत जायच्या आधी कळायला पाहिजे. दिव्यातलं तेल किती वेळ पुरणार? परत यायला लागेल ते धरायला नको?"

"भावजी, तुम्ही बाहीरच बसा," वहिनी म्हणाल्या. "जनावर बाहीर आलं की त्येचं माप घ्या."

"तू कोण गं?" तू त्यांना विचारलंस.

"मी वाघ घिऊन चाललेली बाई."

"पाळलेला वाघ?"

"न पाळलेला. कुणाचं ऐकत न्हाय, माझंच ऐकतोय."

"सदा, तू कोण?"

मी विचार केला. तलवार मला जमली नसती. म्हणालो, "मी काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणार. काठीनं अंतर मोजत. म्हणजे परत येताना चुकायला नको."

तू एवढा हसलास की खोकला लागला. "बघितलंस गं? सोंग घ्यायचं तिथंबी ह्यो हिशेबनीसच."

पहिल्याच फेकीत माझी कवडी उलटी पडली आणि मी खड्ड्यात पडलो. खड्डा किती खोल, हे विचारायच्या आत. वहिनींनी वाघाला खाली सोडून मला वर काढलं. दोन घटका आपण तिघं पन्नाशीकडं झुकलेली माणसं त्या भुयारात होतो आणि बाहेर यावंसं वाटत नव्हतं. चित्रातले दोघे तिथंच ठरले. तलवारवाला, जादूगार आणि चोर तू नंतर आपल्या मनानं घातलेस.

पहिला कच्चा आराखडा तू दाखवलास तो मला आवडला नाही. मधोमध गोल, गोलात जनावर, तोंड समोर. मी म्हणालो, "हे बंडलावर शोभेल." तू दोन रविवार माझ्याशी धड बोलला नाहीस. पण तिसऱ्या रविवारी जनावर गोलातून बाहेर आलं होतं. अंग मगरीचं, मान अजगराची, आणि पंख. पंख बघून मी वाकलो. वाळलेल्या तंबाखूच्या पानाच्या शिरा. मधला जाड देठ, त्यातून दोन्हीकडं निघालेल्या, टोकाला बारीक होत गेलेल्या शिरा, आणि कडेला तेच तपकिरी जळकेपण. मी जन्मभर ती पानं तोलली, पण त्यात पंख कधी दिसले नाहीत.

मग मापावरून आपली जुंपली. मी म्हणालो, जनावर एवढं थोरलं असेल तर माणूस त्याच्या पंज्याएवढा दिसला पाहिजे. "मग माणसाचं तोंड कसं दिसंल? ज्येला खेळायचं हाय त्येला ते माणूस व्हावंसं वाटाय पाहिजे की रं." दोघांचंही खरं होतं. शेवटी तू पाचही जणांना पुढं आणलंस, बघणाऱ्याकडं तोंडं करून, भुयाराच्या पायऱ्या उतरताना, आणि जनावर त्यांच्या पाठीमागं वर अंधारात. ते जागं झालंय हे आपल्याला दिसतंय, त्यांना नाही. काठीवाला सगळ्यांच्या पुढं, काठीचं टोक पुढच्या पायरीवर. अशी मांडणी मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. हे तुला सांगितलं होतं का? 'मापात बसलं' एवढंच म्हणाल्याचं आठवतं.

रंग भरत आले तेव्हा मला दिसलं. आधी दिसायला हवं होतं, पण मी चौकोनांत बघत होतो.

"गणपा, हे सगळे डावरे काढलेस."

तू आरसा काढलास, चित्रासमोर धरलास. बराच वेळ बघत होतास. "आयला," म्हणालास. तलवार डाव्या हातात, म्यान उजव्या कमरेला. जादूगाराचा दंड डाव्या हातात, चोराची सुरी डाव्या हातात, वाघाचा दोर वहिनींच्या डाव्या हाताला. हात आपल्या सवयीनं दगडावर काढल्यासारखा चालला होता आणि तुला पत्ताही नव्हता.

"छापल्यावर सुलटं हुतंय," तू म्हणालास, पण आवाजात जोर नव्हता.

"फोटो काढून छापणार आहेत. आहे तसंच येणार."

"मग कळीव अशोकला. छापताना उलटं करून घ्या म्हणावं."

आणि मी काय म्हणालो, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, "आपलं काम आपण सुलटं करून द्यावं. दुसऱ्यानं ते का निस्तरायचं?"

"असंल की एकादा मुलूख डावऱ्यांचा. कल्पनेचा तर खेळ हाय."

"कल्पनेलाही नियम लागतो. चार डावरे आणि एक उजवा, असला कुठला मुलूख? निदान काठीवाला तरी बरोबर आलाय तुझा."

काठीवाल्याच्या खरंच उजव्या हातात काठी होती. तू आरशावरून माझ्याकडं बघितलंस. "त्योच तेवढा बरोबर आलाय व्हय?"

"होय."

"बरं," तू म्हणालास, आणि हसलास. त्या हसण्याचा मला राग आला.

पुढच्या रविवारी आलो तर बोर्डावर नवा कोरा कागद. "आख चौकोन," म्हणालास. 'परत काढ' असं मी म्हटलं नव्हतं, गणपा. चूक दाखवणं वेगळं आणि परत करायला लावणं वेगळं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. पण कोरा कागद बघून मला बरंच वाटलं, हेही खरं आहे. मी उत्साहानं युक्ती काढली: जुन्या कागदावर चौकोनांचे आकडे डावीकडून घालायचे, नव्यावर उजवीकडून, म्हणजे आपोआप सगळं सुलटं होईल. युक्ती बिनचूक होती. चालत नव्हता तो तुझा हात. एक बोट उलटवायला तू थांबायचास, श्वास घ्यायचास, पुन्हा आरशात बघायचास. दम तुला आधीपासून लागत होता. पण तोवर तो जिना चढताना लागायचा, आता बसल्या जागी लागायला लागला. वहिनी म्हणाल्या, "हाय ते धाडा की. तिकडं कोण बघतंय कुठला हात?" त्यांच्याकडं आपण दोघांनीही लक्ष दिलं नाही.

आणि तो शेवटचा रविवार. पाच माणसं पेन्सिलीत झाली होती, जनावराची नुसती मान आली होती. तलवार उजव्या हातात, दंड, सुरी, दोर, सगळं जागच्या जागी. आणि काठीवाल्याची काठी डाव्या हातात.

"हा एक उलटवताना चुकला," मी म्हणालो.

"न्हाय चुकला."

"आकडे बघ चौकोनाचे."

"आकडे बरोबर हायत. तुझेच हायत."

"मग काठी डाव्या हातात कशी?"

"त्येची काठी हाय. त्यो ज्या हातात धरंल त्या हातात."

"तो मी आहे ना?"

"तूच हायस."

"मग मी उजवा आहे."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "सदा, तुला समद्याची मापं कळत्यात. तुझं तुला कळत न्हाय."

मला वाटलं, तू पहिलीतल्या पोरांसारखा मला चिडवतोयस. परगावच्या लोकांपुढं, छापील पानावर, जन्माचं चिडवून ठेवतोयस. मी उठून चपला घातल्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, च्या टाकलाय." मी म्हणालो, गाडीची वेळ झाली. गाडीची वेळ झाली नव्हती. स्टँडवरच्या बाकावर मी बसून राहिलो, आणि परत येऊन चहा प्यावा असं वाटत असताना आलो नाही. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. तू दारापर्यंत आला नाहीस, कारण उठायला तुला दम लागत होता. हे मला आता सुचतं. तेव्हा वाटलं, तोऱ्यात आहेस.

त्याच आठवड्यात ऑफिसात फोन आला. तुमच्या शेजारच्यांनी केला होता. मी पोचलो तेव्हा तुला बाहेर आणलं होतं. वहिनींनी नंतर सांगितलं, की दुपारी तू बोर्डापुढं बसला होतास, चहा मागितलास, आणि त्या चहा घेऊन आल्या तोवर कपाळ कागदावर टेकलं होतं. पेन्सिल बोटांतच होती.

तुझ्या डॉक्टरांकडं मी जाऊन आलो, हे वहिनींना सांगितलेलं नाही. विचारलं, बसून वाकून काम केल्यानं असं होतं काय? ते म्हणाले, त्याचा संबंध नाही. छाती आधीपासूनच खराब होती. मी तेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा वैतागून. मला समाधान वाटायला हवं होतं. पण दारातून बाहेर पडलो आणि वाटलं, त्या माणसाला कुठं माहीत आहे की एक बोट उलटवायला तू किती श्वास घ्यायचास?

दहाव्याला आलेली माणसं गेल्यावर मी वहिनींना म्हणालो, "माझ्यामुळं त्यानं दुसरं काढायला घेतलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमच्यामुळंच घेतलं. मी म्हटलं, हाय ते धाडा. तर म्हणाले, सदा चुकीचं बोलत न्हाय, हाताचं त्येचं बरोबर हाय."

"बरोबर होतं तर माझ्याशी भांडला कशाला?"

"त्ये काठीवरनं. म्हणाले, तिथं त्येचं ऐकायचं न्हाय." मग सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाल्या, "आता ह्येचं काय करायचं त्ये तुम्हीच बघा, भावजी. मला दोन्ही सारखीच दिसत्यात. दोन्हीत वाघ माझंच ऐकतोय."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर तरी देता आलं असतं.

आज मी घरी एकटा आहे. अर्धं राहिलेलं चित्र पुरं करायला दुसऱ्या कोणाला द्यावं, हा विचार करून झाला. खासबागेत एक पाट्या रंगवणारा आहे, हात चांगला आहे. पण तो तंबाखूच्या पानाचे पंख काढणार नाही. काढले तरी ती तुझी नक्कल होईल, आणि वर नाव तुझं. ते खोटं होईल. म्हणजे पुरं झालेलंच पाठवायचं. छापताना उलटं करून घ्या असं लिहून. तू म्हणालास तेच. एका ओळीचं काम होतं, आणि मी त्यावर तुला तत्त्व ऐकवलं.

उलटं केल्यावर कसं दिसेल ते बघावं म्हणून तुझा आरसा खिडकीशी उभा केला, चित्र त्याच्यासमोर धरलं. गणपा, काय चित्र आहे ते! तलवारवाल्याचा खांदा मोकळा झाला. जादूगाराचा दंड, चोराची सुरी, सगळं आपल्या जागी गेलं. सगळं चित्र तू मनात सुलटंच पाहिलं होतंस. नुसता हात उलटा चालला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, पायरीवर काठी टेकून, तो माणूस. काठी डाव्या हातात. तू मनात ती आधीपासून डाव्याच हातात पाहिली होतीस. पहिल्या चित्रातही, दुसऱ्यातही. चूक झाली तेव्हाही, आणि चूक सुधारलीस तेव्हाही. मी त्याच्याकडं इतक्या वेळा बघितलं, पण चेहरा कधी बघितला नव्हता, हातच बघत होतो. त्याला दाढी आहे, डोक्याला लोखंडी टोप आहे, माझ्यासारखं काही नाही. पण तो खाली बघत चालला आहे, कपाळाला आठी घालून, पुढच्या पायरीचा अंदाज घेत, आणि मागच्या चौघांनी त्याच्या भरवशावर पाऊल उचललं आहे. ज्याला चिडवायचं त्याला कोणी असं काढत नाही.

मी हे तुला काय म्हणून सांगतो आहे? तुला माहीतच होतं.

एक मात्र मी मागं घेत नाही. बाकी चौघांच्या हातांबद्दल मी बोललो ते बरोबर होतं. तूही ते मान्य केलंस, पण वहिनींजवळ; माझ्याजवळ नाही. त्याचा राग अजून थोडा आहे. तो राहू दे. सगळं मिटवून टाकलं तर पुढच्या रविवारी तुझ्याशी बोलायला काय उरेल?

पुठ्ठा कापायला घेतला. पट्टी ठेवली, रेघ मारली आणि मग बघितलं, पेन्सिल कुठल्या हातात आहे ते. मग चित्र पालथं केलं आणि पाठीवर मजकूर लिहायला पेन उचललं. ते उजव्या हातात होतं. क्षणभर थांबलो, तू पोस्टाच्या खिडकीशी थांबायचास तसा. पेन डाव्या हातात घेतलं. 'छापताना उलटे करून घ्यावे.' अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं, एकाचा काना दुसऱ्याच्या अंगावर. अशोकला वाटेल, काकाचा हात कापायला लागला. वाटू दे.

खाली तुझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. एका ओळीत मावलं नाही, कडेला जाऊन खाली वळलं. आधी मोजून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.